शिंजीर गेला, होला राहिला

सकाळी दारच्या जास्वंदीवर शिंजीर आला होता. जांभळा, चकचकीत, अंगठ्याएवढा. थंडी पडली, शाळूची ज्वारी पोटरीला आली की येतोच तो. फांदीच्या टोकाला उलटा लटकला, चोच वासली, गळ्याची पिसं थरथरली, शेपूट नाचली. सगळं झालं, आवाज तेवढा झाला नाही. म्हणजे त्यानं केला, मला आला नाही. एवढ्या वर्षांत याची सवय व्हायला हवी होती. झाली नाही. अजूनही ती उघडी चोच बघितली की मी घाईघाईनं दुसरं काहीतरी शोधायला लागते. तारेवर होला बसलाय का? घुमतोय का? घुमतोय. बरं. मग मी चहा ठेवायला आत जाते.

हे दिवस आले की लोकांच्या तोंडाला हुरड्यानं पाणी सुटतं. माझी नातवंडं मागं लागतात, "आजी, शेतावर चल, गोवऱ्यांवर कणसं भाजू." मी काहीतरी थाप मारते. गुडघा सांगते, थंडी सांगते. खरं सांगायचं तर भाजक्या कणसाचा वास नाकात गेला की त्याच्या पाठोपाठ मला स्टोवर उकळणाऱ्या पाण्यातली काचेची सिरिंज दिसते, आणि तिचं ते भांड्याच्या बुडावर कडकड वाजणं आठवतं. ते ऐकू आलं तर भीती वाटायची, आणि न आलं तर त्याहून जास्त वाटायची. अशा माणसानं हुरडा काय खावा!

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. आमचं शिवार औंधच्या खालच्या अंगाला, जिथून यमाईचा डोंगर सगळा दिसतो. दुष्काळ मागं सरला होता आणि शाळू असा आला होता, की बांधावर उभं राहिलेला माणूस दिसू नये. मी अकरावी पास होऊन बसले होते. साताऱ्याला मास्तरकीच्या शिक्षणाला नंबर लागला होता. नवं लुगडं घ्यायचं की दोन पातळं, यावर आईचं आणि माझं भांडण चाललं होतं. तेवढ्यात खोकला सुरू झाला. साधाच, दुपारचा. मग संध्याकाळचा ताप. मग एक दिवस ओंजळीत लाल ठिपका. दादा, म्हणजे माझे वडील, मला एस.टी.नं मिरजेला घेऊन गेले. तिथं छातीचा फोटो निघाला, आणि साताऱ्याचं सगळं राहिलं बाजूला.

त्या काळी आमच्याकडं टीबी म्हटलं की माणसं आवाज खाली आणायची. ज्या घरात टीबी, त्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही आणि त्या घरची पोरगी कुणी करून घ्यायचं नाही. आमच्या घरात तर एक जण गेलंच होतं आधी, माझी चुलती. तिला बरं वाटायला लागलं तशी तिनं सुया मधेच सोडल्या. लोक बघतात, लाज वाटते म्हणाली. आजार उलटला आणि पुढच्या पावसाळ्याच्या आतच ती संपली. तेव्हा घरात असं ठरलं, की मला, म्हणजे शकीला, राखणीच्या निमित्तानं रानात ठेवायचं. शाळू निसवला, कणसं बाहेर पडली, की कुणी ना कुणी राखणीला राहतंच. पाखरं हाकायला पोरगी बापासंगं वस्तीवर राहिली, यात कुणाला काय वावगं दिसणार! हवा चांगली, दूध चांगलं, आणि वस्तीच्या छपराकडं कुणी फिरकायचं कारण नाही.

सुई द्यायला सदाशिव कंपाउंडर सायकलवरून यायचा. तो कशासाठी येतो, हे सांगायलाही निमित्त लागायचं. ते दादांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. हवालदाराच्या गुडघ्यात वात शिरलाय, सुया चालू आहेत. वाटेनं कुणी येताना दिसलं की दादा लंगडायला लागायचे. पण कुठल्या पायानं, ते त्यांच्या ध्यानात राहायचं नाही. सकाळी डावा, दुपारी उजवा. आई भाकरी घेऊन आली की पदर तोंडाला लावून हसायची. "आवं, येक पाय तरी ठरवा की!"

दादा तोफखान्यातून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. पासष्टच्या लढाईत तोफेशेजारी उभं राहून राहून त्यांचे कान गेले होते. अगदी ठार बहिरे नव्हते. म्हशीचं हंबरणं यायचं, ट्रकचा आवाज यायचा, होल्याचं घुमणं यायचं, कावळा यायचा. पण बैलाच्या गळ्यातली घुंगरं गेली होती, बांगड्यांची किणकिण गेली होती, चिमण्या गेल्या होत्या. स्वतःचा आवाजही त्यांना नीट यायचा नाही, त्यामुळं साधं "मीठ दे" म्हटलं तरी ते पलीकडच्या रानात ऐकू जायचं. त्यांच्याकडं एक कुत्रं होतं, त्याचं नाव मेजर. "जलमभर मेजरचं मी ऐकलं, आता मेजरनं माजं ऐकायचं," असं म्हणायचे आणि स्वतःच गडगडाटी हसायचे.

असे आम्ही दोघं माळ्यावर बसायचो. चार खांबांवर बांधलेला माळा, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, खाली हिरवा-पांढरा शाळू. दादांच्या हातात गोफण, माझ्या हातात पत्र्याचा डबा. दादांना पाखरं ऐकू यायची नाहीत, म्हणून त्यांचे कान मी. "कुटं गं?" ते विचारायचे. "दादा, वड्याच्या अंगाला, मुनिया." गोफण फिरायची, दगड सुटायचा, आणि चिमटीएवढ्या पाखरांचा थवा भुर्रकन उठायचा. मी ऐकायचं आणि त्यांनी मारायचं, अशी आमची वाटणी होती. मला ती फार आवडायची. आजारी असूनही मी कुणाच्या तरी उपयोगाची होते ना.

मिरजेच्या डॉक्टरांनी निघताना मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. ही सुई जीव वाचवते, पण कधी कधी कान घेते. कानात काही वाजायला लागलं, चालताना झोक जायला लागला, तर दडवायचं नाही, लगेच यायचं. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता, मान खाली घालून इतकं हळू बोलत होते, की दादांना त्यातलं काहीच पोचलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हनलं?" मी ओरडून सांगितलं, "वेळच्या वेळी सुई घ्या म्हनलं." अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मी माझ्यापाशी ठेवलं, आणि ते माझ्याबरोबर माळ्यावर येऊन बसलं.

पहिल्यांदा काय झालं, तर एका दुपारी मी आईला विचारलं, "आई, भर उन्हात रातकिडं कसं गं वरडत्यात?"

आई भाकरी सोडत होती. तिनं मान वर करून ऐकलं. "कुटं?"

"ह्ये काय, चौफेर."

"काय तरी बोलतीस. कुटं हाय रातकिडा?" असं म्हणून ती पुन्हा भाकरीकडं वळली. रातकिडे रानात नव्हते, माझ्या डोक्यात होते. बारीक, अखंड, एका सुरात. त्यांना हाकायला गोफण नव्हती.

मग मी रोज पहाट फुटताना कान तपासायला लागले. आंघोळ नाही, तोंड धुणं नाही, आधी कान. माझी आपली एक उतरंडच ठरली होती. सगळ्यात वर शिंजीर, त्याची टिचटिच सगळ्यात बारीक. त्याच्याखाली मुनिया. मग चिमण्या. मग चंडोल, मग साळुंकी, मग राघू. सगळ्यात खाली होला. सांगलीत कृष्णेला पूर आला की माणसं घाटाच्या पायऱ्यांवर नजर लावून बसतात ना, आज कुठली पायरी बुडाली ते बघत, तशी मी बसायची. माझं पाणी मात्र वरून खाली बुडवत येत होतं. शिंजीर तर रोज बांधावरच्या पांगाऱ्यावर यायचा. एक दिवस तो आला, चोच उघडली, आणि काहीच नाही. मी म्हटलं, वारा उलटा असेल. दुसऱ्या दिवशी वारा नव्हताच.

मुनिया कधी गेली ते मला कळलंच नाही. मी ऐकत बसलेली, आणि दादांनीच बोट दाखवलं. "आगं शके, ती बग की! कणसं झाकली पाखरांनी आन तू डबा मांडीत घिऊन बसलीस!" समोर सगळा थवा कणसांना लोंबकळत होता. त्यांच्या चोची चालू होत्या आणि माझ्या लेखी रान मुकं होतं. मी जोरजोरानं डबा बडवला. दादांना वाटलं, पोरीचा डोळा लागला असेल, अशक्तपणानं. त्या दिवसापासून मी डोळ्यांनी राखण करायला लागले. कणीस हललं की "दादा, तिकडं!" म्हणायचं. वाऱ्यानंही कणीस हलायचं, मग रिकाम्या जागी दगड जायचा. म्हणजे काय, की कानानं अधू अशी दोन माणसं शाळूची राखण करत होती आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं. पाखरांची चंगळ झाली.

मी का नाही सांगितलं? आज कुणी विचारलं तर मला धड उत्तर देता येत नाही, पण तेव्हा सगळं अगदी लख्ख होतं. सांगितलं की दादा सुई थांबवतील. सुई थांबली की चुलतीचं झालं ते माझं. नाही सांगितलं तर कान जाईल, मग मास्तरीण कसली, आणि बहिरी पोरगी घरात ठेवून दादा-आई तरी किती दिवस पुरणार? इकडं आड, तिकडं विहीर. कंपाउंडरची सायकल बांधावर दिसली की मला तो यावासा वाटायचा आणि येऊ नये असंही वाटायचं. एकाच वेळी, एकाच छातीत. सुई टोचताना मी मनात म्हणायची, थोडा घे, सगळा घेऊ नको.

आता हसू येतं, पण पाखरांच्या कानाबद्दल मला पुढं जे कळलं, ते तेव्हा कळलं असतं तर मी रागानं गोफणच उचलली असती. माझी एक विद्यार्थिनी, सुनंदा, कोल्हापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. (हो, मास्तरीण झाले मी पुढं. पोरांच्या ओठांकडं बघून बघून शिकवलं. पोरांना वाटायचं, बाईंचा आपल्यावर फार जीव.) ती घरी आली की माझ्या बऱ्या कानाशी बसून मोठ्यानं बोलते. एकदा म्हणाली, "बाई, तुम्हाला वाटतं पाखरांचा कान आपल्यापेक्षा भारी. तसं नाही. आपल्याला ऐकू येतात ते कितीतरी आवाज त्यांना येतच नाहीत, फार खालचे आणि फार वरचे. पण मधल्या पट्टीत जे येतं, त्यातलं बारीक काम त्यांना भराभर कळतं. आपल्याला जी एक सलग घरघर वाटते, तिच्यात त्यांना सुटे सुटे तुकडे ऐकू येतात."

"मग भारीच की गं!"

"त्याची किंमत मोजावी लागते ना. सूर किती उंच आहे ते अचूक ओळखायचं, तर त्याच्यावर जरा रेंगाळावं लागतं. आणि रेंगाळलं की पुढचा तुकडा कधी सुरू झाला ते निसटतं. सूर धरला तर वेळ सुटतो, वेळ धरला तर सूर सुटतो. दोन्हीला एकदम धार येत नाही. काही पाखरांत तर हंगाम बदलला की कान बदलतो. घरटं करायच्या दिवसांत एक गोष्ट नीट ऐकू येते, तेव्हा दुसरी बोथट होते. हंगाम सरला की पुन्हा उलट."

पिठाची चाळण आठवली मला. बारीक घेतली तर पीठ छान पडतं पण हात भरून येतात, मोठी घेतली तर भराभर होतं पण कोंडा येतो खाली. दोन्ही एका चाळणीत कधी कुणाला मिळालेलं मी तरी बघितलं नाही. म्हणजे एवढ्याशा जिवाच्या कानातही सौदा चाललेला असतो म्हणायचा. मी समजत होते, तसला सौदा फक्त माझ्याच वाट्याला आला.

मग सुनंदानं आणखी एक सांगितलं, ते तिनं सांगायला नको होतं. कानाच्या आत बारीक केस असतात, त्यांच्यावरच सगळं ऐकणं चालतं. सुईनं माझे तेच झडले होते, तोफेनं दादांचे. "पाखरांचे झडले ना बाई, तर पुन्हा उगवतात. काही आठवड्यांत ती परत ऐकायला लागतात."

"आणि माणसाचे?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "वा गं वा! शाळू खायचा त्यांनी आणि कान फुटायचे आमचे!" ती हसली, मीही हसले. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही, एवढं खरं.

त्या हंगामातला एक दिवस तर मला अजून घाबरवतो. ऊन चांगलं वर आलं होतं. दादा खाली म्हशीपाशी होते. मी माळ्यावर एकटी. चिमण्यांचा मोठा थवा शाळूत उतरला होता. त्यांचा चिवचिवाट मला अजून थोडा थोडा यायचा, दूरवर कुणी वाळू चाळावी तसा. कणसं हलत होती. आणि अचानक सगळं थांबलं. एक कणीस हलेना. एक पंख उडेना. चिमण्या जागच्या जागी अशा दबून बसल्या, की शाळू रिकामा वाटावा. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणी आलं नव्हतं, दगड पडला नव्हता. मग माझ्या डोक्यावरून एक सावली गेली. शिक्रा. तो खाली आला, एक चिमणी उचलली, आणि ओढ्याकडं गेला. पाठोपाठ सगळा थवा फुटला.

चिमण्यांपैकी कुणीतरी आधी ओरडलं होतं. शिक्रा दिसला की त्या एक बारीक, लांब सूर काढतात. शिक्र्याला तो कुठून आला ते नीट उमगत नाही, आणि त्यांच्या जातभाईंना मात्र बरोबर कळतो. सगळ्या शेताला तो कळला. ओढ्यापर्यंतच्या प्रत्येक पाखराला कळला. धोका आला हे न ऐकलेली त्या रानात मी एकटीच होते. मी माळ्यावर पाय पोटाशी घेऊन बसले. बहिरेपणा म्हणजे गाणी न ऐकणं, असं मला तोवर वाटत होतं. बहिरेपणा म्हणजे शिक्रा डोक्यावर येईपर्यंत न कळणं, हे मला त्या दिवशी कळलं. सापाचं कळणार नाही. मागून येणाऱ्या ट्रकचं कळणार नाही. कुणी वाईट हेतूनं पाठीशी आलं तर त्याचंही नाही. त्या दिवसापासून मी पाठ उघडी टाकून बसायचं सोडलं. छपरात असले तरी पाठ कुडाला लावून बसायची. अजून तशीच बसते. लग्नात, सभेत, कुठंही, आधी भिंत शोधते.

दादांना संशय आला होता. मला ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या पेटीत पलटणीतली एक पितळी शिट्टी होती. ती त्यांनी केव्हा बाहेर काढली आणि किती दिवस ते माझ्यामागं येऊन वाजवत होते, कोण जाणे. मी बांधावर बसून शेंगा सोलत होते. ऊन खायला म्हणून तेवढ्यापुरती पाठ उघडी टाकली होती. समोर मेजर पाय पसरून झोपला होता. आणि मेजरनं एकदम मान उचलली. दोन्ही कान उभे केले. माझ्याकडं नाही, माझ्यामागं बघत तो उठून उभा राहिला. पुन्हा कान हलवले. म्हणून मी वळून बघितलं.

दादा दहा पावलांवर उभे होते. गाल फुगलेले, तोंडात शिट्टी, मानेच्या शिरा टरारलेल्या. ते जीव खाऊन शिट्टी फुंकत होते. मला ऐकू येत नव्हती. त्यांनाही येत नव्हती. ती वाजतेय की बंद पडलीय, हे आमच्या दोघांपैकी एकालाही कळायला मार्ग नव्हता. दादा माझ्याकडं बघत नव्हतेच. ते कुत्र्याच्या कानांकडं बघत होते.

मग त्यांनी शिट्टी तोंडातून काढली. जवळ आले आणि माझ्यासमोर मातीत बसले. दादांना मी रडताना कधी बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही ते रडले नाहीत, पण त्यांची हनुवटी हलत होती.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीच्या मागनं."

"सांगितलं का न्हाईस?"

"सुई थांबवाल म्हून." मी ओरडले. मग मात्र सगळं बाहेर पडलं, डॉक्टर काय म्हणाले होते तेही. "दादा, मला मरायचं न्हाई. आन बहिरं बी व्हायचं न्हाई. मला भ्या वाटतंय."

"मला बी वाटतंय की गं," दादा म्हणाले. लढाई बघून आलेला माणूस असं म्हणाला. मला त्यानं धीर आला असं नाही, उलट मी आणखीच घाबरले. मग ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "उंद्या मिरज."

मिरजेला गेलो. दवाखान्यात बाकावर ही गर्दी. आमचा नंबर आला. डॉक्टरांनी एक लोखंडी चिमट्यासारखं हत्यार टेबलावर आपटून माझ्या कानाशी धरलं. काही ऐकू आलं, काही नाही. नवा फोटो बघितला. मग खुर्ची माझ्या समोर ओढून, त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात, पण मला ओठ दिसतील असं बोलले. छाती सुधारते आहे, पण जखम अजून पुरती भरलेली नाही. सुई आता थांबवली तर आजार उलटायची भीती आहे. गोळ्यांवर भागेल की नाही, खात्री देता येत नाही. चालू ठेवली तर छाती बहुतेक बरी होईल, पण कान आणखी उतरेल. किती उतरेल ते आधी सांगता येत नाही. गेलेलं परत येणार नाही. "वडिलांना विचार," ते म्हणाले, "आणि मला सांग."

दादा माझ्या शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना यातलं काही ऐकू आलेलं नाही, असं मी धरून चालले होते. मी त्यांच्याकडं वळले. विचारायचं म्हणजे ओरडायचं, आणि बाहेर बाकावर सगळं जग बसलेलं. आणि विचारून काय होणार होतं? त्यांनी "थांबवा" म्हटलं आणि मी मेले, तर ते आयुष्यभर स्वतःला खात राहिले असते. "चालू ठेवा" म्हटलं आणि मी ठार बहिरी झाले, तरी तेच. मला साळुंकी अजून ऐकू येत होती. ती जाईल, असं मी मनाशी म्हटलं. राघू जाईल. होला राहील का? तेवढा तरी राहू दे. मी डॉक्टरांकडं वळले आणि म्हणाले, "चालू ठिवा." माझा आवाज कसा निघाला ते मला ठाऊक नाही. मग दादांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडले, "सुई हायेच आजून, दादा! छाती सुदारली म्हनत्यात!" दादांनी मान डोलावली. बस्स.

परतीच्या एस.टी.त विट्याला गर्दी चढली. त्यात आमच्या गावची माणसंही होती. पलीकडच्या बाकावर आमच्या आळीतली तानूबाई, तिच्यामागं पाटलांचा गडी. दादांनी त्यांना रामराम केला, सवयीनं गुडघा चोळला. मी खिडकीशी बसले होते, अंग चोरून. गाडीच्या घरघरीत माझ्या कानातले रातकिडे बुडून गेले होते, तेवढंच सुख. गाडी एका चढाला लागली, हळू झाली. तेव्हा दादा माझ्याकडं सरकले, हात तोंडाआड धरला, आणि गुपित सांगावं तसं माझ्या कानाशी बोलायला लागले.

"शके, डाक्टरचं त्वांड मी बगत हुतो. कान जातील म्हनला, व्हय न्हवं? आन मला न इचारता तू सुई चालू ठिव म्हनलीस. समदं उमगलं मला. धा वरसं लोकांची त्वांडंच वाचतोय मी." ते थांबले. "ब्येस केलंस पोरी. टीबीनं मरन्यापरीस बहिरी हू आन जग. बहिरं कसं जगायचं त्ये मी शिकवतो तुला. मी हाय की."

ते कुजबुजत होते, त्यांच्या मते. त्यांचा एकेक शब्द पुढं ड्रायव्हरपर्यंत गेला. तिकिटं फाडता फाडता कंडक्टर थांबला. सगळी गाडी वळून आमच्याकडं बघत होती. तानूबाईनं पदर नाकाला लावला आणि पिशवीसकट पलीकडं सरकली. पाटलांच्या गड्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अख्खा हंगाम आम्ही रानात लपून काढला होता, बापानं दोन्ही पायांनी लंगडून दाखवलं होतं, ते सगळं त्या चढावर संपलं. आज दिवस मावळायच्या आत गावभर होणार होतं.

दादांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांचं लक्ष माझ्याकडं होतं. ते आणखी जवळ वाकले आणि म्हणाले, "पर ह्ये आपल्या दोगांतच ठिवायचं. गावात कुनाला सांगू नगंस."

मी त्यांच्याकडं तोंड केलं, ओठ नीट उघडून, सावकाश म्हटलं, "न्हाई सांगत, दादा."